उजनीच्या पाण्याखालचा नकाशा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माळशिरसच्या एसटी स्टँडपासून जवळच माझा संगणकाचा लहानसा वर्ग आहे. दिवसभर तिथं टायपिंग, परीक्षेचे अर्ज, पीकविम्याचे फॉर्म अशी कामं चालतात. रात्री नऊ वाजता शटर अर्धं खाली ओढलं, की मी लढाऊ विमान घेऊन बसतो. गावात या उद्योगाची बरीच चेष्टा होते. "सर, आज कुठं बाँब टाकला?" असं चहाच्या टपरीवर मला विचारतात. खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत मी विमान फारसं उडवलेलंच नाही. विमान जिच्यावरून उडतं ती जमीन तयार करण्यात माझ्या रात्री गेल्या. त्या कामाविषयी आज बोलायचं आहे.

विमानाचा सिम्युलेटर म्हणजे विमानाची जमिनीवर बसून करायची नक्कल. ही कल्पना संगणकाच्या आधीची. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली असं एक यंत्र बनवलं. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्याच ऑर्गनच्या भात्यांवर लिंकसाहेबांनी एक लाकडी खोका बसवला आणि तो विमानासारखा डुलू लागला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या पलटणीच्या पलटणी त्या खोक्यात बसून शिकल्या. पुढे संगणक आला आणि तेच काम घरच्या टेबलावर होऊ लागलं. मी ज्यावर काम करतो तो 'इल-टू स्टुर्मोविक' हा खेळ मॉस्कोच्या एका कंपनीनं २००१ साली काढला. जुना आहे, पण विमानं इतक्या बारकाईनं केली आहेत, की जगभर अजून त्याचे चाहते आहेत. माझ्या जुन्या संगणकावर तो चालतो, हेही एक कारण आहेच.

या खेळात रशिया आहे, नॉर्मंडी आहे, पॅसिफिक महासागरातली बेटं आहेत. सोलापूर जिल्हा नाही. नसणारच. पण खटपट करणाऱ्या हौशी लोकांनी या खेळात आपापले नकाशे घालण्याची युक्ती शोधून काढली, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. आपल्या भागावरून कधी लढाऊ विमानं गेली होती का? गेली होती, आणि थोरामोठ्यांच्या तोंडून आपण ते ऐकलेलंही असतं. १९४८ची पोलीस अ‍ॅक्शन.

तेव्हा आपला सोलापूर जिल्हा मुंबई प्रांतात होता आणि नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा हा मुलूख निजामाच्या राज्यात. सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरं होती, पलीकडे रझाकारांची दहशत होती. १३ सप्टेंबर १९४८ला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालचं सैन्य सोलापूरच्या बाजूनं हैदराबादच्या रस्त्याला लागलं. पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच सैन्यानं तो ताब्यात घेतला आणि त्याच दिवशी दुपारी रणगाडे उमरग्याला पोहोचले. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. या पाच दिवसांत पायदळाच्या मदतीला हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं होती. माझ्या खेळात टेम्पेस्ट आहे! फक्त ते मार्क पाच, आणि आपल्या हवाई दलाकडची होती मार्क दोन. नाकाची ठेवण वेगळी. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

ठरवलं असं, की पुण्याच्या लोहगावपासून उमरग्याच्या थोडं पुढंपर्यंतचा पट्टा करायचा. लांबी २८० किलोमीटर, रुंदी १५० किलोमीटर. सहा महिन्यांत होईल असा माझा अंदाज होता. सहा वर्षं लागली.

नकाशा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कागद येईल. इथं तसं नाही. इथं जमीन चौकोनांत कापायची असते. या खेळात एक चौकोन २०० मीटरचा. म्हणजे माझ्या पट्ट्यात साडेदहा लाख चौकोन झाले. प्रत्येक चौकोनाला एक उंची द्यायची, आणि तीही आकड्यानं नाही, करड्या रंगाच्या छटेनं. काळा म्हणजे खोल, पांढरा म्हणजे उंच. अशा छटा २५६, त्याहून एकही जास्त नाही. लोहगावपासून उमरग्यापर्यंतचं सगळं पठार, नद्यांची खोरी, शिखर शिंगणापूरचा हजार मीटरच्या आसपासचा डोंगर, हे सगळं त्या २५६ पायऱ्यांवर बसवायचं. आपला माळ हा किती हळूहळू चढतो हे सायकल मारणाऱ्याला कळतं, डोळ्याला कळत नाही. खेळात मात्र त्या मंद चढाच्या पायऱ्या झाल्या. माळशिरसवरून विमान नेलं, तर खाली पंढरपूरच्या घाटाच्या पायऱ्या पसरल्यासारखं दिसायचं. त्या कडा हातानं घासून गुळगुळीत करण्यात माझा एक उन्हाळा गेला. त्यात लोडशेडिंग. रात्रभर चालवलेला हिशेब पहाटे दिवे जाताच पुसला जायचा आणि दुसऱ्या रात्री श्रीगणेशा.

उंचीचे आकडे आणायचे कुठून? याचं उत्तर सुदैवानं फुकट मिळतं. फेब्रुवारी २०००मध्ये 'एन्डेव्हर' हे अमेरिकेचं अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याला ६० मीटर लांबीचा दांडा लावला होता. यानावर एक आणि दांड्याच्या टोकाला एक अशा दोन ठिकाणांहून रडारचे परतलेले तरंग टिपायचे आणि त्यातल्या फरकावरून जमिनीची उंची काढायची. आपण दोन डोळ्यांनी अंतर ओळखतो, तसाच प्रकार. रडारला ढगांची अडचण नाही, रात्रीची नाही. उत्तर ध्रुवाकडचा आणि दक्षिण ध्रुवाकडचा भाग सोडला, तर जगातली बहुतेक जमीन त्यांनी अकरा दिवसांत मोजली. आधी आपल्या भागाचे आकडे ९० मीटरच्या चौकोनांत मिळत, २०१४पासून ३० मीटरचे खुले होऊ लागले. म्हणजे माझ्या गरजेपेक्षा बारीक. मला वाटलं, झालं काम.

पण जमीन उंचीनं ओळखू येत नाही, रंगानं येते. हे सिम्युलेटर जमिनीवर गालिच्याचे तुकडे अंथरतात. शेताचा एक तुकडा, तोच शेजारी, तोच पुन्हा पुढं. मूळ खेळातली शेतं युक्रेनची. लांबच लांब पट्टे, गव्हाचा पिवळा रंग, आणि ऋतू दोन: उन्हाळा आणि बर्फ. मला हवा होता भाद्रपद. माळरानावर गवताची पोपटी लव, बाजरी उभी, आणि रब्बीच्या ज्वारीसाठी मोकळ्या ठेवलेल्या काळ्याभोर जमिनी. उपग्रहाचं आजचं चित्र घेऊन चिकटवावं, तर ते चालत नाही. आजच्या चित्रात तालुकाभर ऊस आहे. १९४८मध्ये ऊस होता तो नीरा उजव्या कालव्याच्या काठानं, माळीनगर, अकलूज या बाजूला. बाकी जिल्हा पावसाच्या भरवशावर. आज आपण जे हिरवं पाहतो ते उजनीनंतरचं. वेड्या बाभळी पुसल्या, निलगिऱ्या काढल्या, कारखान्यांची बहुतेक धुराडी उतरवली. एका मित्रानं विचारलं, "नकाशा करतोयस की दुष्काळ पाडतोयस?"

घरांचंही तेच. खेळातली घरं उतरत्या छपरांची, धुराड्याची. ती तशीच मांडून मी बार्शी वसवली, तर बार्शीचं पोलंड झालं. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. सपाट छपरं, वर पांढरी माती, मध्ये चौक. वरून पाहिलं तर गाव मातीच्याच रंगाचं, जमिनीतून उगवल्यासारखं. वैमानिकाला ते लांबून दिसतच नाही, आधी दिसतं देवळाचं शिखर नाही तर मशिदीचा मिनार. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती अशा घरांची चित्रं काढता काढता. रेल्वेची आणखी वेगळी गंमत. तेव्हा कुर्डुवाडीहून बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी धावायची. खेळात रूळ एकाच मापाचे. त्यामुळे माझ्या नकाशात बार्शी लाइट ब्रॉडगेज झाली आहे. प्रत्यक्षात ते व्हायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. मी साठ वर्षं आधीच करून टाकलं. या एका चुकीबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही.

आता मुख्य अडचण. लोहगावहून सोलापूरकडे सरळ रेघ मारा. ती रेघ उजनी धरणावरून जाते. टेम्पेस्टनं वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही तिथं पोहोचता आणि खाली पाणीच पाणी. पण १९४८मध्ये तिथं धरण नव्हतं! उजनी १९८०मध्ये पुरं झालं. 'एन्डेव्हर'नं २०००मध्ये मोजलं ते पाण्याचा पृष्ठभाग. रडारला तळ दिसत नाही. माझ्याजवळच्या आकड्यांत भीमेचं सगळं खोरं एखाद्या परातीसारखं सपाट होतं. पाणी पुसायला एक मिनिट लागलं. पुसल्यावर उरलं एक निळं नसलेलं मैदान, भिगवणपासून धरणाच्या भिंतीपर्यंत. त्यात नदी नाही, काठ नाही, गाव नाही.

आणि त्यातलं एक गाव माझ्या आजोळचं. करमाळा तालुक्यातलं. माझी आई त्या गावातून लग्न होऊन माळशिरसला आली. मी लहान होतो तेव्हाच गाव उठलं. मला आजोळ म्हणून आठवतं ते नवीन गावठाणातलं, सरळ रस्त्यांचं, झाडं नसलेलं. आई 'आमच्या गावात' असं म्हणाली, की ती कधीच त्या नव्या गावाबद्दल बोलत नसे.

तेव्हा जुने नकाशे शोधायला लागलो. आपल्याकडे नकाशा हा जपून बोलायचा विषय होता. २००५च्या धोरणानं नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि एक आपल्यासारख्यांसाठी. २०२१मध्ये नियम बरेच सैल झाले. त्याच्या आधी मी एका कार्यालयात गेलो होतो. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "नकाशा कशाला हवा?" मी सरळमार्गी माणूस, म्हणालो, "विमानातून बाँब टाकायच्या खेळासाठी." त्यानंतर तिथं मला कोणी बसा म्हणालं नाही.

शेवटी नकाशा मिळाला तो अमेरिकेतून. अमेरिकी लष्कराच्या नकाशा खात्यानं १९५०च्या दशकात भारताचे अडीच लाखांत एक या प्रमाणाचे नकाशे छापले होते. मूळ मोजणी आपल्या सर्व्हे खात्याचीच. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ते सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. त्यावर धरणाआधीची भीमा होती, काठची गावं टिंबाटिंबांनी होती, आणि रेल्वेची जुनी वाट होती, भिगवणहून डिकसळच्या पुलावरून भीमा ओलांडणारी. पण समोच्च रेषा, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, इतक्या विरळ की सगळं खोरं दोन रेघांच्या मध्ये हरवलं. नदी कुठून जाते ते कळलं. काठ किती उंच, ते नाही.

युक्ती सुचली ती वर्तमानपत्रावरून. सोलापूर जिल्ह्यातला माणूस उन्हाळ्यात पहिल्यांदा काय वाचतो? उजनीची पातळी. पूर्ण भरलं की ४९६.८३ मीटर, मृतसाठा ४९१.०३ मीटरला, आणि त्याखाली गेलं की 'उजनी मायनसमध्ये'. आता असं पाहा, धरणातलं पाणी स्थिर असतं. म्हणजे एखाद्या दिवशी पाण्याची कड जिथं जिथं टेकली आहे, त्या सगळ्या जागांची उंची एकच. ती कड हीच एक समोच्च रेघ! अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२पासून फोटो काढत आहेत आणि २००८पासून ते फुकट मिळतात. दुष्काळी वर्षांचे फोटो घ्यायचे, त्या त्या तारखेची पातळी पेपरात शोधायची, पाण्याच्या कडेवरून रेघ ओढायची आणि तिला तो आकडा द्यायचा. धरण भरलेलं असताना एक रेघ, दोन मीटर उतरल्यावर दुसरी, मायनसमध्ये गेल्यावर तिसरी. ज्या वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात, ते वर्ष माझ्यासाठी सुगीचं. असं म्हणताना जीभ चावावी लागते, कारण त्याच वर्षी आमच्या तालुक्यात टँकर फिरत असतात.

अशा रेघांनी खोऱ्याच्या वरच्या उतारांना आकार आला. पण धरण पूर्ण कोरडं कधी पडत नाही. खालचं पाणी ते खालचंच. तिथं १९७३चं लँडसॅटचं चित्र कामाला आलं. धरण तेव्हा बांधून व्हायचं होतं. चित्र धूसर, पण त्यात भीमा वाहती दिसते, वळणं घेत. ती वळणं मी जशीच्या तशी उचलली आणि भिगवणपासून भिंतीखालपर्यंतचा उतार त्यांच्यावर सारखा वाटून दिला. एखादा चौकोन चुकीच्या छटेचा झाला तर नदी डोंगर चढायला लागते, त्यामुळे एकेक चौकोन तपासावा लागला. नदी तयार झाली. मग मी जुन्या नकाशावरून आजोळचं गाव उचललं आणि काठावर ठेवलं.

माझे मामा ऐंशीच्या घरात आहेत. दवाखान्याच्या कामासाठी इकडे आले होते, तेव्हा मी त्यांना वर्गात आणलं, खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर गाव दाखवलं. मामांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "आरं, ही घरं नदीत हायती की."

खरंच होतं. अर्धं गाव पाण्यात उभं होतं.

"सरकारनं एकदा बुडवलं," मामा म्हणाले, "आता तू कशाला परत बुडवतोस?"

चूक माझी होती आणि ती समजायला मला पंधरा दिवस लागले. पृथ्वी पुरती गोल नाही, थोडी चपटी आहे. नकाशा काढण्यासाठी तिचा एक ठरावीक आकार धरून चालावं लागतं. इंग्रजांच्या काळापासून आपले नकाशे सर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३०मध्ये ठरवलेल्या आकारावर काढले जात. उपग्रह वापरतात तो आकार वेगळा, १९८४चा. त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे नव्यावर मांडले, तर आपल्या भागात सगळं शंभर मीटरहून जास्त सरकतं. डोंगराला त्यानं काही फरक पडत नाही. नदीकाठच्या गावाला पडतो. मी नदी उपग्रहाकडून घेतली होती आणि गाव एव्हरेस्टसाहेबांकडून. दुरुस्ती केल्यावर गाव कोरड्या जमिनीवर आलं.

पुढच्या वेळी मामा मुद्दाम आले. खडू मागितला आणि फरशीवर रेघा मारायला बसले. ही वेस. हा पार. इथं मारुती, इथं घाट. हा आमचा वाडा, हा शिंप्याचा, ही तांबोळ्यांची घरं. माझ्या चौकोनात एवढं मावणार नव्हतं, कारण २०० मीटरच्या एका चौकोनात त्यांचं निम्मं गाव संपत होतं. पण घरं आणि झाडं हव्या त्या जागी ठेवता येतात, ती चौकोनाला बांधलेली नसतात. मी फरशीचा फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या मावशींना त्या कोपऱ्यात हात लावू दिला नाही.

पलीकडच्या मुलखाचं, नळदुर्गाचं काम निराळ्या कारणानं जड गेलं. बोरी नदीनं वेढलेला तो किल्ला, नदी अडवून बांधलेला पाणीमहाल, हे सगळं माझ्या ढोबळ चौकोनांत एक टेंगूळ होऊन बसलं. पूल मात्र नीट जमला. पण पूल, किल्ला, रस्ता ही लढाईची ठिकाणं झाली. त्यांच्या भोवती गावं होती. रझाकारांनी त्यांतल्या लोकांचं काय केलं ते आपण ऐकत आलो आहोत. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत काय झालं ते कमी बोललं जातं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीला नेहरूंनी त्याच वर्षी पाहणीसाठी पाठवलं होतं. तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो २०१३मध्ये. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात या काळात निदान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक मुसलमान, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आहे. माझा नकाशा याच जिल्ह्यात संपतो. माझ्या खेळात १७ सप्टेंबरला युद्ध संपतं आणि पडद्यावर 'मोहीम यशस्वी' असं येतं. ती ओळ मी काढून टाकली. दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून तिथं आता फक्त तारीख येते.

माझ्याबरोबर उडणाऱ्या एका परदेशी मित्रानं तक्रार केली, की तुझ्या लढाईत समोरून विमानंच येत नाहीत, मग करायचं काय? त्याचं म्हणणं खोटं नाही. निजामाकडे लढायला हवाई दल नव्हतं. टेम्पेस्टला आकाशात शत्रू नाही, जे काही आहे ते खाली, जमिनीवर. मग खेळणारा कंटाळतो आणि दिसेल त्या गावावर गोळ्या झाडतो. त्याला करमाळा काय आणि उमरगा काय, सारखंच.

इथं मी एक गोष्ट सांगायची राहिली. या खेळात कुठलंही घर बनवायचं, तर त्याची दोन रूपं करावी लागतात. एक उभं आणि एक पडलेलं. बाँब पडला की संगणक पहिलं उचलून तिथं दुसरं ठेवतो. युरोपच्या घरांची पडकी रूपं खेळात तयार आहेत, विटांचे ढीग आणि जळकी वासे. माळवदाच्या घराचं पडकं रूप मला करायचं होतं आणि ते कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. मी मामांना विचारलं. विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

मामांनी सांगितलं. शांतपणे सांगितलं. पाणी यायचं ठरल्यावर गावातली घरं लोकांनी स्वतःच उतरवली होती. लाकूड नव्या गावठाणात लागणार होतं. आधी माळवदावरची माती खाली ओढायची, मग चिलाटी काढायची, मग तुळया, मग खांब. दारं चौकटीसकट. दगड ज्यांच्याकडे बैलगाड्या होत्या त्यांनी नेले. मागे उरायच्या नुसत्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर आभाळ आणि भिंतीत कोनाडे. "दिव्याच्या कोनाड्याला काजळी तशीच हुती," मामा म्हणाले. "पैल्या पावसात भिताडं बसली. पाणी नंतर आलं."

मी तसंच पडकं घर केलं आहे. छप्पर नाही, लाकूड नाही, चार मातीच्या भिंती. बाँबनं घर पडलं तर राख आणि मोडकं लाकूड दिसायला हवं, हे मला कळतं. जाणकार मित्रांनी ती चूक दाखवूनही दिली. बदललेलं नाही.

मागच्या दिवाळीत नकाशा पुरा झाला आणि मी मामांना घेऊन लोहगावहून उडालो. डावीकडे भीमा आली. पाणी नव्हतं, वळणं घेणारी नदी होती, काठानं बाजरी होती, डिकसळच्या पुलावरून मी मुद्दाम सोडलेली एक रशियन आगगाडी चालली होती. मी विमान खाली घेतलं. ताशी चारशे किलोमीटरनं जाताना एक गाव पायाखालून जायला तीन सेकंदही लागत नाहीत. गाव आलं आणि गेलं.

"थांबव की," मामा म्हणाले.

विमान थांबत नाही असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग आठवलं, की हा खेळ आहे. मागं वळलो, पुन्हा गावावर आलो आणि थांबण्याचं बटण दाबलं. टेम्पेस्ट एका पंखावर कललेलं हवेत तसंच राहिलं. मामा उठून पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघत होते. मग बोट टेकवून म्हणाले, "हिर ह्या अंगाला न्हवती. वाड्याच्या मागं हुती."

त्याच रात्री विहीर मागं घेतली.